पालघरवरून जाणारी रेघ

जूनमध्ये नातवाने फर्मान काढलं, "आजोबा, या पावसाळ्यात आपण विमान बांधायचं." तो डिप्लोमाला आहे आणि रिमोटवर उडणारी फोमची तीन-चार विमानं मोडून झाली आहेत. कुठलं विमान, असं विचारलं तर म्हणाला, "इतिहासाचे मास्तर तुम्ही, तुम्हीच सांगा." मी लगेच म्हटलं, जे. आर. डी. टाटांचं पुस मॉथ. लगेच म्हणण्यामागे एक जुनी टोचणी होती, ती पुढे सांगतो.

मॉथ म्हणजे दिव्यावर झेपावतो तो पतंग. हे विमान बनवणाऱ्या जेफ्री डी हॅविलंड यांना किड्या-पाखरांचा नाद होता, म्हणून त्यांची कितीतरी विमानं 'मॉथ' झाली. मराठीत दिव्यावरचाही पतंग आणि मांज्यावरचाही पतंग, त्यामुळे आमच्या घरी या विमानाला पहिल्या दिवसापासून पतंगच म्हणतात.

१५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी सकाळी टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, अहमदाबादला उतरून इंधन भरलं आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूला पोचले. इंधनाचे डबे अहमदाबादला बैलगाडीतून आले होते म्हणतात! लंडनहून इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आलेलं टपाल पुढे न्यायची ही सेवा. मुंबईहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. खरं तर ही कल्पनाच व्हिन्सेंट यांची, पण त्यांचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. मीही घेत नव्हतो.

आणखी एक कबुली. "हे भारतातलं पहिलं हवाई टपाल," असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं. ते चूक आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं विमानाने नेली होती. १९३२ चं महत्त्व वेगळं. एका भारतीय कंपनीने सरकारी अनुदानाशिवाय नियमित सेवा सुरू केली आणि त्यातूनच १९४६ साली एअर इंडिया झाली. माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी वहीत दुरुस्ती करून घ्यावी.

आता ती टोचणी. शाळेच्या नकाशावर अहमदाबाद आणि जुहू यांवर पट्टी ठेवून पाहा. रेघ जवळजवळ सरळ दक्षिणेला, किनाऱ्याच्या कडेकडेने येते आणि बोईसर-पालघरच्या किंचित पूर्वेकडून जाते. जुहू इथून पासष्ट-सहासष्ट किलोमीटर. ताशी १६० चा वेग धरला तर टाटा सरळ आले असतील त्या दुपारी दीडच्या थोडं आधी आमच्या डोक्यावर असणार. हे गणित मी १९८२ साली वर्गात फळ्यावर करून दाखवलं होतं, कारण त्या वर्षी १५ ऑक्टोबरला, ७८ वर्षांचे टाटा तेच उड्डाण पुन्हा करणार होते. (विमान मात्र तेच नव्हतं. धाकटी बहीण म्हणावी असं लेपर्ड मॉथ होतं, १९३३ सालच्या घडणीचं.) शुक्रवार होता, सहामाही तोंडावर. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मैदानावर जाऊन बघू या?" मी त्याला खाली बसवलं आणि सनावळ्या घोकून घेतल्या. विमान दिसलं असतं की नाही कोण जाणे. पण वर बघायला काय हरकत होती?

तो मुलगा आता पंचावन्नच्या पुढे आहे, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. प्लायवूडच्या फासळ्या कापायला आम्ही त्याच्याकडेच गेलो. आराखडा बघताच म्हणाला, "सर, हे तेच ना? तुम्ही सोडलं नव्हतंत ते?" मी चहा प्यायलो, दुसरं काय करणार.

आमचं विमान मूळच्या एक अष्टमांश. मूळ पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ११.२ मीटर, आमची १.४ मीटर. लांबी आठपट कमी झाली की पंखांचं क्षेत्रफळ चौसष्टपट आणि वजन पाचशे बारापट कमी व्हायला हवं. हे भूमितीच्या तासाला शिकवतात, पण बाल्साची काडी तासताना कळतं. मूळ विमानाचं धड पोलादी नळ्यांचं आणि वरून कापड. पंख लाकडी. चाकांच्या दांड्यांवर चपटी पाती का आहेत हे आम्हा दोघांना आठवडाभर उमगेना. मग कळलं की ती आडवी फिरवली की वारा अडतो आणि उतरताना वेग कमी होतो. आम्ही ती सरळ चिकटवून टाकली, एवढी हौस परवडणारी नव्हती.

बांधता बांधताच दुसरी गोष्ट वाचनात आली आणि हात थबकला. १९३० पासून या जातीची अनेक विमानं हवेतच मोडली. खराब हवेत पंख थरथरायला लागत. शेवटी पंखाच्या पुढच्या टेकूला जोडटेकू देऊन तो मजबूत करावा लागला. ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध वैमानिक बर्ट हिंकलर पुस मॉथ घेऊन जानेवारी १९३३ मध्ये इटलीतल्या डोंगरात कोसळून गेला. म्हणजे टाटांच्या उड्डाणाला तीन महिनेही झाले नव्हते. वर्गात मी ते उड्डाण श्रीमंताघरच्या हौसेसारखं सांगत असे. त्या टेकूंची काडी बोटात धरल्यावर तसं सांगवत नाही.

बोईसर-तारापूरकडे अणुशक्ती केंद्रामुळे असं काही उडवायची सोय नाही. म्हणून भातकापणी झाल्यावर, परवानगीचा नकाशा मोबाईलवर पाहून, मासवणच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या मोकळ्या खाचरांवर गेलो. वर्कशॉपवाला मोटारसायकलवर हजर. पहिल्या खेपेला विमान नाक वर करून उभंच राहिलं आणि बांधावर आपटलं. शेपूट जड झालं होतं. नातवाने बॅटरी चार बोटं पुढे सरकवली.

दुसऱ्या खेपेला ते उडालं. साडेतीन मिनिटं. मी सरळ उन्हात बघत उभा होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते उन्हाचंच होतं असं मी घरी सांगितलं आहे. शेजारी माझा विद्यार्थी कपाळावर हात आडवा धरून मान मागे टाकून उभा. एक अक्षर बोलला नाही.

उतरताना डाव्या पंखाचा पुढचा टेकू मोडला. नेमका तोच! विद्यार्थ्याने तो उचलून खिशात घातला आणि म्हणाला, "सर, मंगळवारी नवीन करून आणतो."