मलावीतील बालविवाहविरोधी युवती चळवळ

मलावीतील बालविवाहविरोधी युवती चळवळ ही आग्नेय आफ्रिकेतील मलावी या देशात किशोरवयीन मुलींच्या पुढाकाराने उभी राहिलेली सामाजिक चळवळ आहे. विवाहाचे किमान वय १८ वर्षे करणे, मुलींचे शालेय शिक्षण अखंड राखणे आणि लैंगिक आरोग्याविषयी योग्य माहिती मिळवून देणे या तिच्या प्रमुख मागण्या होत.

पार्श्वभूमी

मलावीत प्राथमिक शिक्षण १९९४ पासून निःशुल्क आहे. मात्र गरिबी, लहान वयातील गर्भधारणा आणि विवाह यांमुळे अनेक मुलींचे शिक्षण अर्धवट राहते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयोगटातील ४२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाला होता. १९९३ पूर्वी गर्भवती विद्यार्थिनींना शाळेतून कायमचे काढून टाकले जाई. त्या वर्षीच्या धोरणाने त्यांना प्रसूतीनंतर पुनर्प्रवेशाची मुभा दिली.

देशाच्या काही भागांत वयात आलेल्या मुलींना दीक्षाविधीसाठी शिबिरात पाठवण्याची प्रथा आहे. तेथे संसार व वर्तनाविषयी शिकवण दिली जाते. काही ठिकाणी विधीनंतर मुलीने पुरुषाशी शरीरसंबंध ठेवावा अशीही अपेक्षा असते. त्यातून गर्भधारणा आणि एचआयव्ही संसर्गाचा धोका उद्भवतो.

स्वरूप

चिराद्झुलू जिल्ह्यातील मेमरी बांदा यांनी किशोरवयात अशा शिबिरास जाण्यास नकार दिला. त्यांची धाकटी बहीण अकराव्या वर्षी गर्भवती झाली व तिचा विवाह लावण्यात आला. पुढे बांदा 'गर्ल्स एम्पावरमेंट नेटवर्क' या संस्थेच्या कार्यात सहभागी झाल्या. संस्थेच्या साहाय्याने मुलींनी आपले अनुभव लिहून काढले आणि गावप्रमुखांशी चर्चा केली. या प्रयत्नांतून स्थानिक पातळीवर बालविवाहास मनाई करणारे नियम तयार झाले.

गावप्रमुखांचे सहकार्य हे या कार्याचे महत्त्वाचे अंग ठरले, कारण ग्रामीण भागात विवाह व जमिनीविषयीचे निर्णय पारंपरिक प्रमुखांच्या अधिकारात येतात. देद्झा जिल्ह्यातील प्रमुख थेरेसा काचिंदामोतो यांनी शेकडो बालविवाह रद्द करून मुलींना पुन्हा शाळेत पाठवले.

कायद्यातील बदल

संसदेने फेब्रुवारी २०१५ मध्ये विवाह, घटस्फोट व कौटुंबिक संबंध कायदा संमत करून विवाहाचे किमान वय १८ केले. तथापि राज्यघटनेच्या कलम २२ नुसार १५ ते १८ वयोगटातील विवाह पालकांच्या संमतीने होऊ शकत होता. राज्यघटना श्रेष्ठ असल्याने कायद्याचा हेतू अपुरा राहिला. म्हणून युवतींनी घटनादुरुस्तीचा आग्रह धरला. फेब्रुवारी २०१७ मध्ये संसदेने ही दुरुस्ती मंजूर केली व ती पळवाट बंद झाली.

मर्यादा

कायदा बदलला तरी प्रथा तत्काळ संपत नाही. जन्मनोंदणी नसल्यास मुलीचे वय सिद्ध करणे कठीण जाते आणि विवाह अनेकदा नोंदणीविना होतात. दुष्काळ वा महापुरानंतर कुटुंबाचा भार हलका करण्यासाठी मुलींचे विवाह लवकर उरकले जातात. त्यामुळे कायद्याच्या अंमलबजावणीबरोबरच मुलींना शाळेत टिकवून ठेवणे हे चळवळीपुढील मुख्य आव्हान आहे.