टंगस्टनचा पृष्ठभाग आणि उष्णतेचे आघात

अणुसंमीलनाच्या इतिहासात प्लाझ्मा कसा कोंडावा ही कथा मुख्य मानतात व भिंतीच्या धातूस गौण स्थान देतात. हा भेद कृत्रिम होय. १९८२ साली जर्मनीतील गार्शिंग येथे 'आसडेक्स' या टोकामाकवर फ्रिट्झ वॅग्नर यांना प्लाझ्मा अधिक चांगला कोंडला जाण्याची अवस्था आढळली. पण तिच्याबरोबर एक उपद्रवही आला. प्लाझ्माच्या कडेवर वारंवार उद्रेक होऊन, मिलिसेकंदाच्या आसपास टिकणारे उष्णतेचे लोट भिंतीवर आदळू लागले.

तेव्हा भिंतीस बहुधा कार्बन वापरीत. तो वितळत नाही. तथापि हायड्रोजनाशी संयोग पावून झिजतो आणि ट्रिशियम अडकवून ठेवतो. अमेरिकेतील 'टीएफटीआर' व इंग्लंडातील 'जेट' यांवरील १९९० नंतरच्या प्रयोगांनी हे उघड केले. साहजिकच दृष्टी टंगस्टनकडे वळली. त्याचा वितळणबिंदू सुमारे ३४२० अंश सेल्सिअस.

परंतु हा आकडा स्वच्छ, घट्ट धातूचा आहे. तप्त टंगस्टनवर हेलियम प्लाझ्माचा मारा दीर्घकाळ झाला की आत सूक्ष्म बुडबुडे धरतात आणि पृष्ठावर अतिसूक्ष्म धाग्यांचा काळा थर उगवतो. जपानमधील नागोया येथून २००६ साली ताकामुरा व सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. या थरास मराठीत 'लव' म्हणावे असे मला वाटते. 'बुरशी' म्हटल्यास सजीवाची भलती कल्पना मनात येते.

आघाताचे प्रयोग मात्र बराच काळ निराळ्या प्रयोगशाळांतून, लव नसलेल्या धातूवर चालले. युलिश येथे इलेक्ट्रॉन-शलाकेने दहा लाखांपर्यंत आघात दिले गेले. शंभर आघातांत निर्दोष दिसणारा धातू पुढे त्याच तीव्रतेस तडकतो, हे तेथे कळले. दोन्ही मारे एकत्र आणल्यावर उत्तर सरळ मिळाले नाही. लव लवचीक असल्याने तिच्यात ताण साचत नाही व तडे कमी पडतात. उलट ती उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून धाग्यांची टोके लवकर वितळून एकमेकांस चिकटतात. शिवाय नागोयातच २००९ साली, लेसरच्या एका स्पंदाने अशा पृष्ठावर विद्युत्-चाप पेटून धातू उडतो असे दिसले. इजा झालेला पृष्ठ सर्वथा दुबळा, हे विधान म्हणून टिकत नाही.

२०१३ साली 'जेट'वर टंगस्टनच्या एका पट्टीची कड मुद्दाम उघडी ठेवून ती आघातांनी वितळविण्यात आली. त्याच वर्षी फ्रान्समधील 'ईटर'चा तळभाग प्रारंभापासून टंगस्टनचाच करण्याचे ठरले. २०२३ मध्ये भिंतीसाठी बेरिलियमऐवजी तोच धातू पुढे आला. हेलियमचा ओघ, उष्णतेचे आघात आणि न्यूट्रॉनांचा मारा ही तिन्ही भट्टीच्या प्रमाणात एकाच वेळी देणारे यंत्र मात्र अद्याप कोठेही नाही.