‘स्पष्ट’चा लांबचा भाऊ

इंग्रजीत ‘पर्स्पिक्युअस’ असा एक शब्द आहे. अर्थ: स्पष्ट, चटकन कळेल असा. आणि गंमत बघा, हा शब्द स्वतःच चटकन कळत नाही! इंग्रजी मातृभाषा असलेलेही त्याची ‘पर्स्पिकेशस’शी गल्लत करतात. तो चाणाक्ष माणसाला लावायचा, हा नितळ बोलण्या-लिहिण्याला.

मूळ लॅटिन. ‘पेर’ म्हणजे आरपार, ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. पहिल्या शतकातल्या क्विंटिलियन या रोमन शिक्षकाने वक्त्याच्या भाषेत या गुणाला पहिलं स्थान दिलं. ऐकणाऱ्याला कळलं नाही तर दोष वक्त्याचा, असा त्याचा एकूण रोख.

पण मला हा शब्द राजकीय वाटतो, तो सोळाव्या शतकामुळे. १५२४ साली इरॅस्मसने लिहिलं की बायबलात काही जागा दुर्बोध आहेत. १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरने उत्तर दिलं: धर्मग्रंथ स्पष्टच आहे. वरवर हा भाषेचा वाद. पण ग्रंथ स्पष्ट असेल तर अर्थ सांगणाऱ्यांची मक्तेदारी कशाला हवी? पुढे प्रॉटेस्टंट पंडितांनी या भूमिकेला नावच दिलं ‘पर्स्पिक्युइटी’. ज्याने नवा करार इंग्रजीत छापला त्या विल्यम टिंडेलला १५३६ साली गळा आवळून मारलं आणि देह जाळला. लोकांना कळेल असं लिहिण्याची ही किंमत!

अर्थात ल्यूथरचं म्हणणं मला तंतोतंत पटत नाही. १५२९ मध्ये मारबुर्गला तो आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले, आणि येशूच्या ‘हे माझं शरीर’ या एवढ्याशा वाक्यावर दोघांचं जमलं नाही ते नाहीच. ग्रंथ तोच, दोघांनाही स्पष्ट, अर्थ मात्र दोन.

कायद्याचं तर विचारूच नका. इंग्लंडच्या कोर्टातलं कामकाज, नोंदींसकट, इंग्रजीतच चालवायचा नियम लागू झाला १७३३ साली. तोवर नोंदी लॅटिनमध्ये. ज्याच्यावर खटला त्यालाच कागद वाचता येईना. आपल्याकडे सातबारा आणि जीआर हातात घेऊन उभ्या राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता आपला ‘स्पष्ट’. तो संस्कृत ‘स्पश्’ म्हणजे पाहणे या धातूपासून आला, आणि ‘स्पेकेरे’ व ‘स्पश्’ यांचं मूळ एकच. म्हणजे पर्स्पिक्युअस आपला लांबचा भाऊ निघाला. त्याच कुळातला आणखी एक संस्कृत शब्द आहे ‘स्पश’: हेर. ऋग्वेदात वरुणाचे असे हेर सगळ्यांवर नजर ठेवून असतात. इंग्रजी ‘स्पाय’सुद्धा याच घरातला.