अरुणा शानबाग खटला

अरुणा रामचंद्र शानबाग विरुद्ध भारत सरकार हा दयामरणाविषयीचा सर्वोच्च न्यायालयातील खटला असून त्याचा निकाल ७ मार्च २०११ रोजी लागला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणा यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तेथीलच एका कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केला. साखळीने गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. पुढे ४१ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली.

अरुणा यांचे अन्न थांबवून त्यांना शांतपणे मरू द्यावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली. न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणी यांचा नसून इतकी वर्षे सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा आहे आणि त्यांना अरुणा जगायला हव्या आहेत, असे न्यायालयाने म्हटले. खुद्द अरुणा यांची इच्छा मात्र कोणालाच विचारता येत नव्हती. खटल्यातील खरा पेच हाच होता. तरीही याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जीवरक्षक उपचार थांबवण्याला, मुभा दिली. प्राणघातक इंजेक्शन देणे बेकायदाच राहिले.

अरुणा यांचे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन झाले. ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत मानला आणि शुद्धीवर असताना करून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्याची प्रक्रिया इतकी किचकट होती, की २०२३ मध्ये न्यायालयालाच ती सोपी करावी लागली. दंडाधिकाऱ्याऐवजी आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते.