कर्नल सी. के. नायडू यांचा उदयकाल

१९१६ सालची गोष्ट. मुंबईस चौरंगी क्रिकेट सामने चालू होते आणि युरोपियन संघाविरुद्ध हिंदु संघाचा डाव ढासळत चालला होता. सात गडी बाद झाले असतां विशींतला एक तरुण मैदानांत उतरला. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत तो नवखा होता. त्यानें पहिले तीन चेंडू शांतपणें अडविले. चौथा चेंडू मात्र त्यानें असा टोलविला कीं, तो थेट सीमेपलीकडे जाऊन पडला. मोठ्या सामन्यांतील त्याची पहिली कमाईच षट्काराची ठरली. हा तरुण म्हणजे नागपूरचे कोट्टारी कनकैया नायडू. पुढें साऱ्या हिंदुस्थानानें त्यांना सी. के. या दोन अक्षरांनींच ओळखलें.

त्या षट्काराची कथा आजवर अनेकांनीं सांगितली आहे. परंतु त्यापूर्वींच्या तीन चेंडूंकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक नायडूंच्या खेळाचें मर्म त्या तीन चेंडूंतच आहे. हुतूतूंत चढाई करणारा एक आणि त्याला धरणारे अनेक. आट्यापाट्यांत पाटी राखणारा निराळा आणि ती भेदणारा निराळा. अमेरिकेंतील व्यावसायिक फुटबॉलांत तर रक्षण करणाऱ्यांचा आणि चढाई करणाऱ्यांचा ताफाच वेगवेगळा असतो. क्रिकेटच्या फलंदाजाला अशी सोय नाहीं. त्याला आपली यष्टीहि स्वतःच राखावी लागते आणि धांवाहि स्वतःच कराव्या लागतात. राखण पक्की असेल तरच प्रहाराला अर्थ येतो, एरवीं तो केवळ जुगार ठरतो.

नायडूंचा जन्म नागपूर येथें ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं झाला. घराणें मूळचें तेलुगु, परंतु नागपुरांत स्थायिक होऊन प्रतिष्ठा पावलेलें. १८९१ सालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन नागपुरास भरलें, तेव्हां स्वागतमंडळाचें अध्यक्षपद नारायणस्वामी नायडू यांच्याकडे होतें, हे सी. के. यांचे आजोबा. नातवाचें शिक्षण हिस्लॉप यांच्या नांवानें चालणाऱ्या मिशनरी शाळेंत झालें. त्या काळचें नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतें. जवळच कामठीस गोऱ्या फौजेची छावणी होती, एम्प्रेस मिलचा भोंगा शहराला वेळ सांगत होता आणि मुंबईकडे जाणारा लोहमार्ग केव्हांच खुला झाला होता. तरीहि क्रिकेटच्या जगांत नागपूरला स्थान नव्हतें. तें जग मुंबईच्या जिमखान्यांभोंवतीं फिरत होतें. मध्यप्रांतांतील मुलानें तेथें नांव कमवावयाचें, तर आपल्या खेळाखेरीज दुसरी कोणतीहि शिफारस त्याच्यापाशीं नव्हती.

त्या चौरंगी सामन्यांचें स्वरूपहि ध्यानांत घेतलें पाहिजे. प्रथम युरोपियन आणि पारशी असे दोनच संघ खेळत. १९०७ सालीं हिंदु संघ त्यांना मिळाला आणि १९१२ सालीं मुसलमान संघ. खेळाडूची निवड त्याच्या गांवावरून नव्हे, तर धर्मावरून होई. खुद्द हिंदु संघांतहि जातिभेदाचें शल्य होतें. बाळू पालवणकरांसारखा अव्वल गोलंदाज अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत जन्मला, म्हणून त्याला कर्णधारपद कधींच लाभलें नाहीं. त्याचे बंधु विठ्ठल यांना तो मान मिळण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. त्याच वर्षीं हिंदु संघानें विजय मिळविला. गुणाला जात नसते, हें मैदानावर सिद्ध होत होतें; समाजाला तें पटण्यास मात्र वेळ लागत होता. अशा संघांतून नायडूंची उमेदवारी झाली.

परंतु नुसत्या टाळ्यांवर संसार चालत नाहीं. इंग्लंडांत व्यावसायिक खेळाडूला परगण्याच्या क्लबाकडून वेतन मिळे. येथें तशी व्यवस्था नव्हती. खेळाडूला नोकरी धरावी लागे, नाहीं तर एखाद्या संस्थानिकाचा आश्रय शोधावा लागे. १९२३ सालीं इंदूरच्या होळकर दरबाराकडून नायडूंना पाचारण आलें आणि ते नागपूर सोडून इंदूरवासी झाले. होळकरांच्या फौजेंत त्यांना हुद्दा मिळाला. पुढें त्यांच्या नांवामागें कायमचें लागलेलें ‘कर्नल’ हें पद त्या चाकरीचेंच. नागपूरनें घडविलेला खेळाडू नागपूरला राखतां आला नाहीं, ही गोष्ट खेदाची खरी. पण पोटाची विवंचना मिटल्यामुळेंच त्यांचा खेळ पूर्ण बहरास आला, हेंहि तितकेंच खरें.

तो बहर जगाला दिसला १ डिसेंबर १९२६ रोजीं. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालीं एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानांत आला होता. मुंबई जिमखान्यावर हिंदूंशीं त्याचा सामना झाला. पाहुण्यांनीं ३६३ धांवा केल्या. त्यांत गाय अर्ल यांच्या १३० धांवा होत्या आणि षट्कारांची नुसती बरसात होती. त्यास उत्तर म्हणून नायडूंनीं ११६ मिनिटांत १५३ धांवा काढल्या. त्या खेळींत ११ षट्कार आणि १३ चौकार होते. हिंदूंचा डाव ३५६ धांवांवर संपला आणि सामना अनिर्णित राहिला; परंतु येथील खेळाडु इंग्लंडच्या तोडीस उभा राहूं शकतो, हा निर्णय त्या दिवशीं लागून गेला. दोन वर्षांनीं, १९२८ सालीं, हिंदुस्थानचें क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालें. त्यापूर्वीं घडलेल्या गोष्टींत या खेळीचा वांटा मोठा आहे.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार म्हणून पोरबंदरच्या महाराजांची नेमणूक झाली होती आणि उपकर्णधारपद लिंबडीच्या राजघराण्याकडे होतें. नेतृत्व राजघराण्यांतच असावें, हा त्या काळचा संकेत होता. परंतु २५ जून रोजीं लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हां ते दोघेहि बाजूस राहिले आणि नाणेफेकीस नागपूरचे नायडू गेले. क्षेत्ररक्षण करतांना त्यांच्या हाताला दुखापत झाली. तरी पहिल्या डावांत संघांतर्फे सर्वाधिक ४० धांवा त्यांच्याच होत्या. सामना १५८ धांवांनीं गेला. पराभव झाला, पण लाज वाटावी असें त्यांत कांहींच नव्हतें. त्या दौऱ्यांत प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनीं १,६१८ धांवा केल्या आणि ६५ गडी बाद केले. म्हणजे धांवा करण्याचें आणि प्रतिपक्षाच्या धांवा रोखण्याचें, अशीं दोन्ही कामें एकाच माणसानें पार पाडलीं.

येथें त्यांचा उदयकाल संपतो. पुढें होळकर संघानें त्यांच्या हाताखालीं चार वेळां रणजी करंडक जिंकला, आणि १९५६-५७ च्या हंगामांत वयाचीं ६१ वर्षें उलटल्यावरहि ते रणजी सामन्यांत खेळले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजीं इंदुरास त्यांचें निधन झालें.

नायडूंना नागपूर सोडून जावें लागलें, कारण त्या नगरींत खेळाडूच्या पोषणाची सोय नव्हती. पुढें जवळ जवळ एक शतक लोटलें. १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भाच्या संघानें दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला आणि प्रथमच रणजी करंडक पटकावला. तो अंतिम सामना झाला इंदूरच्या होळकर मैदानावर. ज्या नगरीनें नागपूरच्या पुत्राला १९२३ सालीं आसरा दिला, त्याच नगरींतून नागपूरची मुलें करंडक घेऊन घरीं परतलीं. १९१६ सालीं शांतपणें अडविलेल्या त्या तीन चेंडूंचें मोल अशा वेळीं कळतें. ज्याला टिकून राहणें साधतें, त्याच्यामागून येणाऱ्यांची वाट मोकळी होते.