पाणी अडवा, होडी चालवा

आमचा जालना जिल्हा म्हणजे मोसंबी, स्टील आणि टँकर. तिथे 'बोट क्लब' म्हटलं तर लोक जरा काळजीनेच बघतील तुमच्याकडे. दक्षिण सीमेवरून गोदावरी जाते खरी, पण तिचं पाणी वर पैठणला जायकवाडीत अडलेलं. २०१२-१३ च्या दुष्काळात तर प्यायच्या पाण्याचेच वांधे होते. होड्यांच्या शर्यती बघायच्या तर सांगलीला जावं. पावसाळ्यात कृष्णेचं पात्र भरलं की तिथले बोट क्लब ईर्ष्येने उतरतात आणि काठावर ही गर्दी! ज्याच्या नदीला पाणी, त्याची शर्यत. साधा हिशेब.

पण मग पुण्याचं काय? मुळा-मुठा म्हणजे काही कृष्णा नव्हे.

इथेच तर गंमत आहे मंडळी. १८५० मध्ये मुळा-मुठेवर एक बंधारा बांधून झाला. बराचसा पैसा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेला, आणि उद्देश अगदी रुक्ष: पाणीपुरवठा. पण भिंतीमागे संगमाच्या दिशेने पाणी तुंबलं, संथ आणि रुंद. असं पाणी दिसलं की साहेबाला होडी सुचणारच. तिकडे ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यत १८२९ मध्येच झाली होती. १८६८ मध्ये इथेही बोट क्लब निघाला, तोच रॉयल कॅनॉट बोट क्लब. बंड गार्डन आणि बोट क्लब रोड ही नावं आपण रिक्षावाल्याला सांगतो, ती या भिंतीमुळेच पडली. (बंड म्हणजे बांध बरं का, उठाव नव्हे. मला कॉलेजात येईपर्यंत तिथे कुणीतरी इंग्रजांविरुद्ध तलवार उपसली असेल असंच वाटायचं!)

१९२८ मध्ये संगमाजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी हा साहेबी खेळ आपलासा केला. आजचा सीओईपीचा बोट क्लब तो हाच. साहेब गेला, रेगाटा राहिली. पंट, कयाक, शेल यांच्या रचना, रात्री मशाली, आणि काठावर पुणेकर. क्लबचा कारभार मुलंच बघतात. माझ्या मते सेमिस्टर आणि सबमिशन सांभाळून वल्ही मारणं हा कुठल्याही प्लेसमेंटपेक्षा अवघड प्रकार आहे.

पण अडवलेलं पाणी जे येईल ते धरून ठेवतं. शहर वाढलं, सांडपाणी नदीत आलं, जलपर्णी माजली. प्यायच्या पाण्यासाठी जिथे भिंत घातली, तिथे आता सराव करणारा पोरगा पाण्याचा थेंब तोंडात जाऊ नये म्हणून धडपडतो. रेगाटाच्या दिवशी प्रेक्षक फोटो काढतात, रुमाल नाकाला लावतात आणि घरी जातात. वर्षभर त्या वासात बसतात ती वल्ही मारणारी पोरं.

आणि आमच्यासारख्या कोरड्या गावच्यांनी काय करावं? दत्तू भोकनळ आठवतोय? नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही त्याचं गाव, तेही दुष्काळीच. वडिलांबरोबर विहिरी खोदल्या, २०१२ मध्ये सैन्यात गेला. पाण्याची भीती होती, आणि वल्हं हातात आलं ते पुण्यात, लष्कराच्या रोइंग केंद्रात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्ण.

सांगलीचा माझा साधा हिशेब दत्तूला काही लागू पडत नाही.