चौऱ्याण्णव टक्क्यांचा प्रवास

एम. ए.च्या सुटीत मी एका सामाजिक सर्वेक्षणासाठी प्रश्नावल्या भरून घेण्याचं काम केलं होतं. सोलापूर जिल्ह्यातली गावं, खांद्याला शबनम आणि दिवसाला आठ-दहा घरं. एका घरी पडवीत बसून मी घरच्या कर्त्या पुरुषाला विचारलं, ''मुलाने किंवा मुलीने जातीबाहेर लग्न केलं तर तुमची हरकत असेल का?'' ते हसले. म्हणाले, ''आता कोण मानतंय जातपात? लिहा, हरकत नाही.'' मी खूण केली. चहा आला. पहिला घोट घेऊन त्यांनी विचारलं, ''पाव्हणं, आडनाव काय म्हणालात?'' मी तोवर फक्त नाव सांगितलं होतं. आडनाव सांगितलं. पुढच्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी जरा तुटकच दिली.

त्यांनी मला जो प्रश्न विचारला, त्याच्यासाठी माझ्या प्रश्नावलीत रकाना नव्हता. पुढे संख्याशास्त्र शिकवताना अमेरिकेतल्या आंतरवंशीय विवाहांविषयीच्या जनमत चाचण्यांचे आकडे हाती आले, तेव्हा ती पडवी मला पुन्हा आठवली. तेव्हापासून या आकड्यांनी माझा पिच्छा सोडलेला नाही.

ही कथा जॉर्ज गॅलप या माणसापासून सुरू होते. आयोवा राज्यात १९०१ मध्ये जन्मलेल्या गॅलप यांनी १९३५ मध्ये जनमत अजमावणारी संस्था काढली. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यावरून रूझवेल्ट हरणार असं जाहीर झालं. गॅलप यांनी त्या मानाने मूठभर, पण समाजाच्या निरनिराळ्या थरांतून निवडलेल्या लोकांना विचारलं आणि रूझवेल्ट जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट प्रचंड बहुमताने जिंकले. शितावरून भाताची परीक्षा करता येते, मात्र शितं सगळ्या भांड्यातून घ्यावी लागतात, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

१९५८ मध्ये गॅलप यांच्या संस्थेने प्रथमच विचारलं: गोऱ्या आणि 'कलर्ड' लोकांमधले विवाह तुम्हाला पसंत आहेत की नापसंत? 'पसंत' म्हणणारे निघाले ४ टक्के. 'नापसंत' म्हणणारे ९४ टक्के. संस्थेने हाच प्रश्न, शब्द बदलत, पुढे विचारत ठेवला. १९६८ मध्ये पसंती २० टक्क्यांवर आली, १९७८ मध्ये ३६, १९९१ मध्ये ४८, १९९७ मध्ये ६४, २०११ मध्ये ८६. आणि २०२१ मध्ये ९४. जो आकडा एके काळी नापसंतीचा होता, तोच बरोबर त्रेसष्ट वर्षांनी पसंतीचा झाला. जनमत चाचण्यांच्या इतिहासात इतकी मोठी उलथापालथ क्वचितच सापडते.

१९५८ चा ४ हा आकडा नीट समजायचा तर थोडं मागे जावं लागतं. असे विवाह रोखणारे कायदे अमेरिका स्वतंत्र होण्याआधीपासूनचे. मेरीलँडमधला कायदा १६६४ चा. गुन्नार मिर्दाल या स्वीडिश अर्थतज्ज्ञाने १९४४ मध्ये 'ॲन अमेरिकन डायलेमा' हा प्रचंड अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एक उतरंड मांडली आहे. दक्षिणेतल्या गोऱ्यांना कोणती बंधनं सर्वांत महत्त्वाची वाटतात? पहिला क्रमांक विवाहावरच्या बंदीचा, मग सामाजिक शिष्टाचार, मग शाळा-गाड्यांमधलं विलगीकरण, मग मताधिकार, मग न्यायालय आणि पोलीस, आणि शेवटी जमीन, कर्ज, नोकरी. मिर्दाल यांचं म्हणणं असं की कृष्णवर्णीयांची यादी जवळजवळ उलटी होती. त्यांना आधी नोकरी आणि जमीन हवी होती. गोऱ्यांशी लग्न हा त्यांच्या दृष्टीने सर्वांत शेवटचा मुद्दा होता. म्हणजे 'यांना समान हक्क दिले तर उद्या आमच्या मुली मागतील' ही भीती मागणाऱ्यांच्या मनात नव्हतीच. ती नाकारणाऱ्यांच्या मनात होती. मराठी वाचकाला हे वाक्य परकं वाटू नये.

ज्या वर्षी गॅलपचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, त्याच वर्षीच्या जूनमध्ये व्हर्जिनियातला गवंडीकाम करणारा रिचर्ड लव्हिंग हा गोरा तरुण आणि कृष्णवर्णीय व मूळ अमेरिकी वंशाची मिल्ड्रेड जेटर यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, कारण त्यांच्या राज्यात १९२४ च्या वंशशुद्धी कायद्याने ते शक्य नव्हतं. गावी परतल्यावर जुलैत एका रात्री पोलीस थेट त्यांच्या शयनगृहात शिरले. विवाहाचा दाखला भिंतीवर लावलेला होता. तो इथे चालत नाही असं त्यांना सांगण्यात आलं. जानेवारी १९५९ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. पंचवीस वर्षं एकत्र राज्यात पाऊल ठेवायचं नाही, या अटीवर ती तहकूब झाली. १९६३ मध्ये मिल्ड्रेडने ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं आणि त्यातून खटला उभा राहिला. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: असे कायदे घटनाबाह्य आहेत. त्या दिवशी सोळा राज्यांत ते अस्तित्वात होते.

न्यायालयालाही जनमताची धास्ती होती. शाळांमधल्या विलगीकरणाविरुद्धचा निकाल १९५४ मध्ये दिल्यानंतर, पुढच्याच वर्षी व्हर्जिनियातलं असंच एक विवाहाचं प्रकरण न्यायमूर्तींपुढे आलं होतं. आधीच पेटलेल्या वातावरणात त्यांनी ते हाताळायचं टाळलं. लव्हिंग दाम्पत्याच्या निकालानंतर तीनच महिन्यांनी परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांच्या मुलीने एका कृष्णवर्णीय तरुणाशी विवाह केला. सरकारला अडचण होणार असेल तर राजीनामा देतो, असं रस्क यांनी अध्यक्ष जॉन्सन यांना कळवल्याची नोंद आहे. राजीनामा घेतला गेला नाही. पण मंत्र्याला तो देऊ करावासा वाटला, यातच त्या काळाची हवा कळते.

आता आकडे आणि तारखा शेजारी ठेवून पाहू. निकाल १९६७ चा. १९६८ मध्ये पसंती २० टक्के. पसंत असणारे नापसंत असणाऱ्यांहून प्रथमच जास्त भरले ते १९९१ मध्ये, ४८ विरुद्ध ४२. न्यायालय बहुमताची वाट पाहत थांबलं असतं, तर लव्हिंग दाम्पत्याला आणखी चोवीस वर्षं काढावी लागली असती. रिचर्ड तर १९७५ मध्येच मोटार अपघातात गेला.

मात्र 'नापसंत' या शब्दात काय काय भरलेलं असतं, हेही पाहायला हवं. १९७२ पासून शिकागोच्या एका संशोधन संस्थेचं सर्वेक्षण वेगळा प्रश्न विचारू लागलं: अशा विवाहांना बंदी करणारा कायदा असावा का? 'असावा' म्हणणारे गोरे दहात सुमारे चार होते. त्याच वर्षी गॅलपच्या चाचणीत पसंती फक्त २९ टक्के होती. म्हणजे 'मला आवडत नाही, पण सरकारने मध्ये पडू नये' असं म्हणणारा एक मोठा वर्ग तयार झाला होता. मन तिथेच होतं, हात मागे घेतला होता. समाजबदलाची ही पायरी एकाच प्रश्नावर भिस्त ठेवणाऱ्याच्या नजरेतून निसटते.

प्रश्न कोण विचारतं, यालाही महत्त्व असतं. १९४२ मध्ये मेम्फिस शहरात कृष्णवर्णीयांच्या मुलाखती काही ठिकाणी गोऱ्या, तर काही ठिकाणी कृष्णवर्णीय मुलाखतकारांनी घेतल्या. प्रश्न तेच, उत्तरं मात्र बदलली. गोऱ्या मुलाखतकारासमोर तक्रारीचा सूर खाली आला. माझ्या पडवीतल्या यजमानांनी शहाणपणाने आधी आडनाव विचारलं असतं, तर माझी खूण कदाचित दुसऱ्या रकान्यात पडली असती.

उत्तर गुप्त असेल तर काय होतं? अलाबामाच्या राज्यघटनेत ही बंदी १९०१ पासून होती. १९६७ नंतर ती निर्जीव झाली तरी कागदावर राहिलीच. २००० च्या नोव्हेंबरमध्ये ती काढण्यासाठी सार्वमत झालं. बंदी काढली गेली, पण सुमारे ४० टक्के मतदारांनी ती ठेवावी असा कौल दिला. अलाबामा म्हणजे सारा देश नव्हे, हे खरं. तरीही पडद्याआडच्या पेटीत पडलेली ती मतं मला फार बोलकी वाटतात.

मग ९४ टक्के हा आकडा खोटा म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. प्यू या संस्थेने घराच्या उंबऱ्यापर्यंत नेणारा प्रश्न वापरला: जवळच्या नात्यातल्या कुणी कृष्णवर्णीयाशी लग्न केलं तर? कृष्णवर्णीय नसलेल्यांपैकी १९९० मध्ये ६३ टक्क्यांचा विरोध होता. २०१६ मध्ये तो १४ टक्क्यांवर आला. आणि बोलण्यापलीकडचा पुरावा म्हणजे प्रत्यक्ष लग्नं. नवविवाहितांमध्ये वेगळ्या वंशाचा किंवा वांशिक गटाचा जोडीदार निवडणारे १९६७ मध्ये ३ टक्के होते, २०१५ मध्ये १७ टक्के. ९४ आणि १७ यांत अंतर मोठं आहे. पण १७ ही निव्वळ तोंडपाटिलकी नाही.

या अमेरिकी विषयाशी आपलं एक जुनं नातंही आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जातीचा गाभा स्वजातिविवाहात आहे, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. अमेरिकेतले गोरे आणि कृष्णवर्णीय यांचा दाखला त्यांनी त्यात ओझरता दिला होता, आणि भारताची गोष्ट निराळी कशी हेही सांगितलं होतं. विवाहाची भिंत हीच उतरंडीची मुख्य भिंत, हे मिर्दाल यांच्या अठ्ठावीस वर्षं आधी त्यांनी ओळखलं होतं.

याच प्यू संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे तीस हजार लोकांना विचारलं. आपल्या समाजातल्या स्त्रियांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणं 'फार महत्त्वाचं' आहे, असं ६४ टक्क्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, परक्या प्रगणकासमोर.

तो आकडा वाचल्यापासून पडवीतल्या त्या गृहस्थांविषयीचं माझं मत बदललं. त्या वयात मी त्यांना ढोंगी ठरवून मोकळा झालो होतो. आज वाटतं, योग्य उत्तर कोणतं हे तरी त्यांना ठाऊक होतं, आणि दुसरं उत्तर द्यायची त्यांना लाज वाटली. १९५८ च्या अमेरिकेत ९४ टक्क्यांना ती वाटली नव्हती. तिथे आधी कायदा बदलला, मग तशी लाज रुजली, आणि त्यानंतर पुष्कळ उशिरा, काही घरांत तरी, मन बदललं. आपल्याकडे कायदा केव्हाच बदलला आहे. ती लाज मात्र आपण जपली, की वाटेत कुठे सोडून दिली, हे आपल्या पुढच्या प्रश्नावलीत विचारायला हवं.